मीटरपुढची वायर

(विदर्भ-मराठवाड्यातून कामासाठी ठाण्यात आलेल्या शेतकरी कुटुंबांच्या कोलशेत येथील बैठकीत केलेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवता यावे म्हणून येथे देत आहोत.)



कोलशेत हे काही कापसाचे गाव नाही. खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे गाव. पुढे इथे कारखाने आले. कपाशीच्या औषधांच्या डब्यांवर ज्या बायरचे नाव तुम्ही वर्षानुवर्षे वाचत आलात, त्या बायरचा कारखाना याच कोलशेत रस्त्यावर होता. सँडोजचाही होता. आता कारखाने गेले आणि त्या जागांवर उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या बांधायला हात कुठून आले? तुमच्या-माझ्या गावांतून आले. कोरडवाहू शेतीत पोट भरेना म्हणून आले.

मघाशी मी वायरमनच्या हाताखाली काम करणाऱ्या पोरांना विचारले, इमारतीच्या बाहेरच्या दिव्यांना आणि पंपांना केबल कोणती टाकता? त्यांनी पटापट सांगितले. वरून काळे आवरण, आत पोलादी तारांचे चिलखत असलेली आर्मर्ड केबल. टोकाला ग्लँड आणि लग. प्रत्येक मोटारीला अर्थिंग. पॅनेलमध्ये आर.सी.सी.बी. मग मी विचारले, गावाकडे गोठ्याला वायर कोणती आहे? सगळे हसले. एकजण म्हणाला, "साहेब, ती बाभळीवरून आली आहे."

वीज इथे महावितरणची आणि तिथेही महावितरणचीच. २३० व्होल्ट इथे आणि २३० व्होल्टच तिथे. मग केबलमध्ये एवढा फरक का? पैसा हे एक कारण आहेच. दुसरे कारण असे, की पंधरा मीटरपेक्षा उंच इमारतीला वीज जोडण्यापूर्वी विद्युत निरीक्षकाची तपासणी व्हावी लागते. आपल्या गोठ्याला हा नियम नाही. आपल्याकडे निरीक्षक येतो तो माणूस किंवा बैल मेल्यावर, चौकशीला. म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. मीटरच्या पुढे आपला निरीक्षक आपल्यालाच व्हावे लागेल. आणि हे काम वाटते तितके अवघड नाही.

कोणाची वायर कुठे संपते?

आधी हद्द ठरवून घेऊ. बांधाची हद्द माहीत नसेल तर भांडण होते, तसेच हे आहे. डीपी, खांब, खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर आणि मीटर ही वीज कंपनीची जबाबदारी. सर्व्हिस वायर लोंबत असेल, पत्र्याला घासत असेल, खांब वाकला असेल, तर स्वतः बांबूने टेकू देत बसू नका. १९१२ वर तक्रार नोंदवा, तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा आणि लेखी अर्ज देऊन पोच घ्या. पोच नसलेला अर्ज हा अर्जच नव्हे.

या पोचेचे महत्त्व का, ते सांगतो. १९९७ साली मध्य प्रदेशात एक कामगार रात्री पावसात सायकलवरून घरी निघाला होता. रस्त्यावर तुटून पडलेल्या जिवंत तारेने त्याचा जीव घेतला. वीज मंडळ म्हणाले, आमचा दोष नाही, कोणीतरी चोरून वीज घेण्यासाठी तार ओढली होती. ११ जानेवारी २००२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेश वीज मंडळ विरुद्ध शैलकुमारी या प्रकरणात निकाल दिला, की वीज पुरवणे हा मुळातच धोक्याचा व्यवहार आहे. तो करणाऱ्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी येते. तिसऱ्याने खोडी केली एवढे सांगून सुटका होत नाही. हा निकाल तुमच्या वकिलाला सांगा. अपघात झाला तर विद्युत निरीक्षकाच्या चौकशीचा आग्रह धरा. वीज कायदा २००३ च्या कलम १६१ मध्ये त्याची तरतूद आहे.

पण मीटरच्या पुढे ही ढाल नाही. तिथली वायर आपली, तिचा दोषही आपला. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. तीत विजेचा धक्काही येतो आणि वारसांना दोन लाख रुपये मिळतात. मिळायलाच हवेत. पण घरचा कर्ता माणूस गेल्यावर दोन लाखांत किती हंगाम निघतात, याचा हिशोब तुम्हाला मी सांगायला नको.

बियाण्याची पिशवी पाहता, तशी वायर पाहा

बोगस बियाण्याने आपण पोळलो आहोत. पिशवीवरचा लॉट नंबर, तारीख, टॅग पाहायला आता आपण शिकलो. वायरलाही हेच लागू. केबलच्या अंगावर ठरावीक अंतरावर छापलेले असते: कंपनीचे नाव, आकार, व्होल्टेज, आय.एस. क्रमांक आणि आय.एस.आय. चिन्हासोबत परवान्याचा सी.एम./एल. क्रमांक. मानक ब्युरोच्या बी.आय.एस. केअर या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की खरा-खोटा कळतो. मोबाइल तुमच्या खिशात आहेच. दुकानातच तपासा.

आय.एस. ६९४ म्हणजे पी.व्ही.सी.च्या घरगुती वायरी आणि हलक्या केबली. आय.एस. १५५४ भाग १ म्हणजे भक्कम बांधणीची पी.व्ही.सी. केबल. आय.एस. ७०९८ भाग १ म्हणजे एक्स.एल.पी.ई. आवरणाची केबल. पी.व्ही.सी. आतून ७० अंशांपर्यंतची उष्णता सोसते, एक्स.एल.पी.ई. ९० अंशांपर्यंत.

आणखी एक फसवणूक चालते. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार तांबे म्हणून विकतात. टोक सोला आणि तार सुरीने खरवडा. आत पांढरी निघाली तर वायर परत द्या. ॲल्युमिनियम वाईट नाही, पण ते ॲल्युमिनियमच्या भावाने घ्यावे. त्याचा जोड तांब्याशी नुसता पिळून देऊ नये. ओल लागली की तो जोड खराब होतो, तापतो आणि ठिणगी पडते.

आता कुठे काय वापरायचे:

१) दोन पदर एकमेकांना पिळलेली फ्लेक्झिबल वायर. ही लग्नातल्या माळेसाठी आणि टेबलफॅनसाठी. घराबाहेर कायमची कधीही नको.

२) एकेरी आवरणाची सुटी वायर. ही पाइपातच हवी. भिंतीवर, पत्र्यावर, झाडावर उघडी नको.

३) दुहेरी आवरणाची काळी केबल, गोल किंवा चपटी. ओसरीच्या, आंगणाच्या दिव्याला, वळचणीखाली भिंतीला सॅडल मारून चालते.

४) आर्मर्ड केबल. जमिनीखालून जाणार असेल, गोठ्यात जाणार असेल, कडबा कुट्टीला किंवा विहिरीच्या पेटीकडे जाणार असेल, तर हीच.

आकाराचा हिशोब

जुने वायरमन अजून ३/२० म्हणतात. म्हणजे २० गेजच्या तीन तारा, साधारण २ चौरस मिलिमीटर. आता दुकानात १, १.५, २.५, ४ असे चौरस मिलिमीटरचे आकार मिळतात. स्वस्त पडते म्हणून आपण १ ची वायर आणतो. दिव्याला ती पुरते. पण तिच्यावर कडबा कुट्टी चालवली तर काय होते ते पाहू.

कुट्टी मीटरपासून ४० मीटरवर आहे. सिंगल फेजची २ एच.पी. मोटार साधारण १० अँपिअर घेते असे धरा. वीज जाऊन परत येते, म्हणजे तार झाली ८० मीटर. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरीचा रोध किलोमीटरला १८.१ ओहम. चालू मोटारीला साडेचौदा व्होल्ट वाटेतच जातात. मोटार सुरू होताना पाचपट प्रवाह ओढते. तेव्हा सत्तर व्होल्टच्या आसपास गळती. मुळात आपल्याकडे संध्याकाळी २३० कुठे असतात? मोटार नुसती घुमते, उठत नाही, आणि वाइंडिंग जळते. तीच केबल २.५ ची घेतली तर चालताना सहा व्होल्ट आणि सुरू होताना तीसच्या आसपास गळती होईल. ४ ची घेतली तर चालताना चारच्या आत. ॲल्युमिनियम घेणार असाल तर तांब्याच्या २.५ च्या जागी ४ चौरस मिलिमीटर घ्या. दोन्हींचा रोध सारखाच येतो.

एका जळालेल्या मोटारीच्या वाइंडिंगचा खर्च आणि १ व २.५ मधला फरक हे दोन आकडे आपापल्या बाजारात विचारून घ्या आणि कागदावर शेजारी शेजारी मांडा. मग स्वस्त काय ते कळेल.

ऊन, उंदीर आणि काळी जमीन

कोलशेतला पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि हवा खाडीची, खारी. इथे केबलचे शत्रू पाणी आणि गंज. अकोल्याकडे पाऊस आठशेच्या आत-बाहेर. आपले शत्रू वेगळे. वाण जसे जमीन आणि हवामान पाहून निवडतो, तसेच केबलचे रक्षणही ते पाहूनच करायचे.

पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ वर जातो आणि पत्र्याला हात लावता येत नाही. उन्हाने पी.व्ही.सी.मधला मऊपणा जातो, आवरण कडक होते आणि तडकते. बाहेर काळेच आवरण का? त्यात काजळी मिसळलेली असते, ती उन्हाचा मारा सोसते. लाल, पिवळी, पांढरी वायर उन्हात टिकत नाही. आणि काळी असली तरी पत्र्याला टेकवू नका. पत्र्याची धार आवरण कापते. मग अख्खा पत्रा, त्याला बांधलेली कपडे वाळवायची तार, सगळे जिवंत होते. एक बाई कपडे काढायला जाते, चिकटते, दुसरी सोडवायला धावते. असे एका घरातले दोन-दोन, तीन-तीन जीव गेल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतो. कपडे वाळवायला लोखंडी तार नको, सुती किंवा नायलॉनची दोरी बांधा. दोरीला पैसे किती लागतात?

वरून केबल न्यायचीच असेल तर आधी जी.आय. तार ताणून बांधा आणि केबल तिला थोड्या थोड्या अंतरावर अडकवा, म्हणजे वजन तार घेईल, केबल घेणार नाही. त्या तारेलाही अर्थिंग जोडा. झाडाला बांधू नका. वाऱ्यात झाड हलते, केबल घासते. खालून कडब्याने भरलेली गाडी जाते हे विसरू नका. उंची पंधरा फुटांच्या वर ठेवा. घरात शिरताना केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी केबलीवरून बोर्डात न शिरता झोलाच्या तळाशी गळून पडेल.

दुसरा शत्रू उंदीर आणि घूस. ज्याला ठिबकची नळी सोडवत नाही, तो वायर काय सोडणार? गोठ्यात, कडब्याच्या गंजीजवळ आर्मर्ड केबल किंवा जी.आय. पाइप याला पर्याय नाही. गंजीवरून वायर नेऊच नका. आणि कापसाचे काय? भाव पडला की कापूस घरात राहतो. ओसरी, माजघर छतापर्यंत भरते, आणि त्याच भिंतीवर टेप गुंडाळलेला जोड असतो. एक ठिणगी पुरते. कापूस भरण्याआधी त्या खोलीतला जोड काढा. जोड लागलाच तर तो झाकणाच्या बंद पेटीत, स्क्रूच्या कनेक्टरने, आणि केबल पेटीत खालून घ्या. टेप हा जोड नव्हे. दोन उन्हाळ्यांत त्याचा डिंक वितळतो.

तिसरी गोष्ट काळी जमीन. हिला मी शत्रू म्हणणार नाही, तिच्यावरच आपण जगतो. पण तिचा स्वभाव ओळखा. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दोन-दोन, तीन-तीन फूट भेगा पडतात. ताणून पुरलेली केबल या ओढाताणीत जोडापाशी तुटते. म्हणून चर अडीच फूट खोल घ्या. त्या खोलीवर नांगर, रोटाव्हेटर पोचत नाही. गाडीवाट ओलांडताना सव्वातीन फूट. तळाला वाळूचा थर, त्यावर केबल सरळ न टाकता नागमोडी, पुन्हा वाळू, वर विटांची एक ओळ, मग माती. जमिनीत जोड ठेवू नका, एकसलग तुकडा घ्या. केबल जमिनीतून वर येते तिथे माणसाच्या उंचीपर्यंत जी.आय. पाइप घाला. कुदळ आणि बैलाचे शिंग दोन्हींपासून बचाव. कुठून गेली ते दगड रोवून खूण करा. तुम्ही ठाण्याला असाल आणि घरी चर खोदणाऱ्याला काही माहीत नसेल, असे होऊ देऊ नका.

फ्यूज घर वाचवतो, जीव नाही

आता सर्वांत महत्त्वाचे. फ्यूज आहे, एम.सी.बी. आहे, मग भीती कसली, असे लोक म्हणतात. हिशोब पाहा. कुट्टीच्या मोटारीत आवरण फाटले आणि लोखंडी सांगाड्यात वीज उतरली. अर्थिंगचा रोध २० ओहम आहे असे धरा. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. एम.सी.बी. १६ अँपिअरची. ती पडणारच नाही. सांगाडा जिवंत राहील आणि हात लावणाऱ्याची वाट पाहील. माणसाला मारायला अँपिअरचा विसावा भागही पुष्कळ होतो.

बैलाचे आणखी वाईट. त्याचे पुढचे आणि मागचे पाय लांब. ओल्या जमिनीत वीज उतरली तर दोन पायांमध्येच व्होल्टेजचा फरक पडतो आणि वीज छातीतून जाते. माणूस वाचतो तिथे जनावर मरते, ते यामुळे.

यावर उपाय आर.सी.सी.बी. ३० मिलिअँपिअरची घ्या. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने परत येते का, हे ती मोजते. तीस हजारांश अँपिअर वीज जरी वाट चुकली तरी ती क्षणात पुरवठा तोडते. मेन स्विचनंतर बसवा. एम.सी.बी. तिच्यासोबत हवीच, कारण जादा भार झाला तर तोडण्याचे काम एम.सी.बी.चे. महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबा, पडली पाहिजे. "सारखी पडते म्हणून काढून टाकली" असे सांगणारे घर मला जागोजागी भेटते. राखणीचा कुत्रा सारखा भुंकतो म्हणून त्याला हाकलायचे का? ती पडते म्हणजे कुठेतरी वीज गळते आहे. गळती शोधा.

आणि अर्थिंग. ४० मिलिमीटरचा अडीच मीटर लांब जी.आय. पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. काळ्या जमिनीत ओल असते तोवर अर्थिंग चांगले लागते. पण उन्हाळ्यात भेग पडून पाइपाभोवतीची माती सुटते, आणि नेमके तेव्हाच अर्थिंग कुचकामी होते. म्हणून खड्ड्यात मार्च ते जून पाणी घाला. मुरमाड, खडकाळ जागा असेल तर एका खड्ड्यावर भागत नाही, दोन घेऊन जोडा. खड्डा जनावरे बांधायच्या जागेपासून दूर ठेवा. आर्मर्ड केबलचे चिलखतही ग्लँडने अर्थिंगला जोडा, नाहीतर संरक्षणाचे चिलखतच धक्का देईल.

न्यूट्रल गेला की एक फेज आणि अर्थिंग यांवर दिवा लावण्याची युक्ती गावोगाव चालते. ती आजपासून बंद. त्या वेळी अर्थिंगला जोडलेले प्रत्येक लोखंड धक्का देऊ शकते.

ज्वारीत रानडुकरे शिरतात हे मला माहीत आहे. रात्र रात्र जागून जे राखतात त्यांचा राग मी समजतो. पण घरातून वायर ओढून कुंपणात २३० व्होल्ट सोडणे हा उपाय नाही. डुकराआधी शेजाऱ्याचा पोरगा मरतो, आणि आपण आरोपी होतो. सौर कुंपणाचे यंत्र क्षणभराचे झटके देते, सलग वीज सोडत नाही. त्यात आणि यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

उद्या काय करायचे?

इथे असलेल्या पोरांना माझे सांगणे आहे. तुमच्या हातात जे कसब आले आहे ते गावाला न्या. दिवाळीला जाल तेव्हा फटाक्यांसोबत एक आर.सी.सी.बी. घेऊन जा. नवी जोडणी मात्र परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याच्याकडून टेस्ट रिपोर्ट मागा.

जिल्हा बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या घराची ही पाहणी करून यावे:

१. पत्र्याला, झाडाला, गंजीला वायर टेकते का?
२. घराबाहेर टेप गुंडाळलेले जोड किती?
३. कापूस ठेवतो त्या खोलीत वायर कशी आहे?
४. कुट्टीला आणि गोठ्याला अर्थिंगची तार आहे का, आणि ती खड्ड्यापर्यंत पोचते का?
५. आर.सी.सी.बी. आहे का, बटण दाबल्यावर पडते का?
६. मीटरच्या अलीकडे काय बिघाड आहे, आणि त्याच्या अर्जाची पोच आहे का?

पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे आपल्या घरी आहेत. सहाव्याची सगळी उत्तरे गावागावातून गोळा करून एका अर्जावर आणू आणि मिळून वीज कार्यालयात जाऊ. तिथे ठासून बोलायचे असेल तर आधी आपली बाजू स्वच्छ हवी. मीटरच्या पुढची वायर नीट करून या, मीटरच्या मागच्या वायरीसाठी आपण सगळे सोबत आहोत.

आणि एक शेवटचे, घरातल्या लहानांनाही सांगा. कोणी चिकटले तर हाताने ओढायचे नाही. आधी मेन स्विच बंद. तो लांब असेल तर कोरड्या लाकडावर उभे राहून कोरड्या काठीने वायर दूर करायची. पण खांबावरची तार तुटून पडली असेल तर जवळ जायचे नाही, वीज कार्यालयाकडून पुरवठा बंद करून घ्यायचा. माणूस सुटला की १०८ ला फोन लावा, आणि श्वास थांबला असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबत राहा.